नव्वद म्हणजे पूर्ण

तीन आठवड्यांनंतर त्या सकाळी हेमलताबाईंनी पहिल्यांदाच दडपे पोहे करायला घेतले. नारळ खवताना त्या गुणगुणत होत्या. आपण गुणगुणतोय हे ध्यानात आलं तेव्हा स्वतःशीच लाजल्या.

कारणच तसं होतं. आतल्या खोलीत बळवंतराव झोपले होते. साधे झोपले नव्हते, गाढ झोपले होते. खोकला नाही, ढास नाही, उशीवर उशी रचून रात्र बसून काढणं नाही. दिवाळी सरली तसा फरीदाबादेवर धूर उतरला होता. समोरच्या इमारतीवरची पाण्याची टाकी चार दिवस दिसली नव्हती. त्या धुरानं बळवंतरावांच्या छातीत घरच केलं होतं. पस्तीस वर्षं ओढलेल्या सिगरेटींनी फुप्फुसं आधीच चाळणी केलेली, त्यात हा दिल्लीचा हिवाळा. पण आज? आज गालांवर कशी लाली होती! एरवी बर्फासारखे गार पडणारे हात ऊबदार लागत होते. आणि बोटाला चिमट्यासारखं लावायचं ते यंत्र अठ्ठ्याण्णव दाखवत होतं.

अठ्ठ्याण्णव! मुलगी मैत्रेयी बंगळुरूला होती. तिला त्यांनी आकड्याचा फोटोसुद्धा पाठवला. तिच्याकडून शाबासकीचा अंगठा आला, शिवाय एक नाचणारी बाई.

सुनेत्रा आली की तिलाही दाखवायचं होतं. पोहे खरं तर तिच्यासाठीच होते.

सुनेत्रा म्हणजे घरी येणारी नर्स. मूळची अमरावतीची, नवरा फौजेत, सध्या सीमेवर. एक दिवसाआड सकाळी आठला यायची, बळवंतरावांची छाती तपासायची, पाठीवर थापट्या देऊन कफ सुटा करायची, वाफेचं औषध द्यायची आणि जाताना दोघांनाही रागे भरून जायची. बळवंतरावांना ‘काका’ आणि हेमलताबाईंना ‘काकू’ म्हणे. बाहेर सगळी हिंदी बोलून बोलून जिभेला कंटाळा येतो, इथं आलं की माहेरी आल्यासारखं वाटतं, म्हणायची.

पहिल्यांदा तिचं नि हेमलताबाईंचं वाजलं ते मशीनच्या कव्हरवरून.

ऑक्सिजनचं मशीन घरी आलं, आणि दोन दिवसांत हेमलताबाईंनी त्याला क्रोशाचं कव्हर विणलं. करोल बागेतून आणलेली मोरपिशी लोकर, कडेनं पांढरी झालर. या घरात टीव्हीला, मिक्सरला, गॅसच्या सिलिंडरला, सगळ्यांना कव्हरं होती. मग ज्याच्या जिवावर आपला माणूस श्वास घेतो त्यालाच उघडं ठेवायचं?

“काकू, काढा ते,” सुनेत्रा म्हणाली. “मशीन आहे, नवरदेव नाही.”

“धूळ बसते गं.”

“अहो, त्यालाही हवा ओढायला लागते. आणि मला ही गोळी दिसत नाही.”

मशीनच्या पुढं एक उभी काचेची नळी होती. नळीत मण्याएवढी गोळी तरंगायची. खालची खुंटी फिरवली की गोळी वर-खाली व्हायची. डॉक्टरांनी ती दीडच्या रेघेवर ठेवायला सांगितली होती. हेमलताबाईंनी मग कव्हरला मागून खिडकी ठेवली, बाजूंनी खिडक्या ठेवल्या. पुढची झालर मात्र काही कापवेना. गोळी बघायची तर झालर उचलून बघावी.

दुसऱ्यांदा वाजलं ते आकड्यावरून.

“नव्वदच येतंय गं. कधी एकोणनव्वद.”

“छान आहे की.”

“छान? टीव्हीवर सांगत होते, पंच्याण्णवच्या खाली गेलं की दवाखाना गाठा.”

“ते तुमच्या-माझ्यासाठी. काकांचं फुप्फुस जुनं झालंय, त्याची सवयच निराळी. त्यांना अठ्ठ्याऐंशी ते ब्याण्णव. नव्वद म्हणजे काकांचं पूर्ण, काकू. ह्याच्या वर आपल्याला नकोच आहे. कळलं?”

“कळलं.”

कळलं म्हणाल्या खऱ्या. पण ‘पुरे’ हा शब्द हेमलताबाईंनी आयुष्यात कधी खरा मानला नव्हता. त्यांच्या माहेरी, सासरी, या दिल्लीकडच्या चाळीस वर्षांत पंगतीला बसलेल्या प्रत्येक माणसानं पानावर आडवा हात धरून ‘पुरे, पुरे’ म्हटलं होतं, आणि प्रत्येकाच्या बोटांच्या फटीतून त्यांनी आणखी एक पळी सोडलीच होती. पाहुण्याचं ‘पुरे’ ऐकून हात मागे घेणारी बाई कसली? ते म्हणायचं असतं. आपण ऐकायचं नसतं.

आणि ऑक्सिजन पुरे? दिल्लीत?

एकवीस सालचा एप्रिल त्या कशा विसरणार! बळवंतरावांचे धाकटे भाऊ दिनकर याच घरात, याच खोलीत होते. बोटाच्या यंत्रावर ब्याऐंशी, मग सत्त्याहत्तर, मग चौसष्ट. बळवंतराव रिकामा सिलिंडर रिक्षात घालून अख्खं फरीदाबाद फिरले होते, आणि हेमलताबाई दिराच्या उशाशी बसून आकडा उतरताना बघत होत्या, दिव्यातलं तेल उतरावं तसा. सिलिंडर मिळाला तेव्हा लावायला कुणी उरलं नव्हतं. त्या दिवशी त्यांनी कुणाला न सांगता मनाशी गाठ मारली होती: पुन्हा या घरात कुणाला हवेची वाण पडू द्यायची नाही.

म्हणून काल तिन्हीसांजेला, देवापाशी दिवा लावून त्या आत आल्या, बळवंतराव खोकून खोकून जांभळे पडलेले पाहिले, बोटावरचा आकडा सत्त्याऐंशी पाहिला आणि त्यांच्यानं राहवलं नाही. झालर उचलली. खुंटी फिरवली. गोळी दीडवरून दोनवर गेली, तीनवर गेली. आकडा नव्वद झाला. हात थांबेना. शेवटी गोळी वरच्या टोकाला पाचाच्या रेघेवर जाऊन थरथरत उभी राहिली. पाण्याच्या बाटलीतून हवा जाते तिथं बुडबुड्यांचा केवढा गलका झाला! लग्नघरातल्या चुलीवर आधण यावं तसा. त्यांनी झालर हलकेच खाली सोडली.

मशीनशेजारी विणायला बसल्या, तेव्हा आईकडून आलेल्या चालीवर त्यांच्या ओठी आपसूक एक ओवी जुळली:

माझ्या गं दारापुढं । धुरानं अडविली वाट ।
श्वासाच्या पाहुण्याला । रुप्याचं मांडिते ताट ॥

अर्ध्या तासात आकडा शहाण्णव झाला. खोकला मावळला. बळवंतरावांच्या डोळ्यांवर झापड आली. पहाटे एकदा त्यांनी ‘डोकं फार जड झालंय गं’ म्हटलं, तेव्हा हेमलताबाईंनी कपाळाला बाम चोळला. चहाचा कप धरला तर बोटं पाखराच्या पंखांसारखी फडफडली, चहा चादरीवर सांडला. ‘हेमे, नकाशा कुठाय?’ असंही काहीसं म्हणाले. नोकरी सरकारी कचेरीत नकाशे काढण्यात गेलेली. स्वप्नातही नकाशेच येणार, असं म्हणून त्या हसल्या. मग ते झोपले. किती दिवसांची झोप ती. त्यांनी पाय न वाजवता दार ओढून घेतलं.

घंटा वाजली. हात पदराला पुसत त्यांनी दार उघडलं.

“ये गं, ये. आज तुला गंमत दाखवायचीय. आधी पोहे खा.”

सुनेत्रानं तोंडावरची पट्टी काढली, चप्पल काढायला वाकली आणि तशीच थांबली. एक चप्पल पायात, एक हातात. मान तिरकी करून ती ऐकत होती.

“काकू, एवढे बुडबुडे कसले?”

“तेच तर सांगते...”

सुनेत्रा सांगणं ऐकायला थांबली नाही. एका पायात चप्पल तशीच ठेवून ती आत धावली. या घरात चपलेसकट आत गेलेलं माणूस हेमलताबाईंनी कधी पाहिलं नव्हतं. त्या मागोमाग गेल्या तेव्हा सुनेत्रा बळवंतरावांच्या खांद्याला धरून हलवत होती.

“काका! काका, डोळे उघडा! बळवंतकाका!”

“अगं झोपू दे की त्यांना! तीन आठवड्यांनी...”

सुनेत्रानं एका हातानं मशीनचं कव्हर खेचलं. मोरपिशी लोकर खुंटीत अडकली, टरकन उसवली. पाचाच्या रेघेवरची गोळी दोघींनी एकदमच पाहिली.

“हे कुणी केलं?”

त्या आवाजात ओरडा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

“आकडा बघ ना गं. अठ्ठ्याण्णव आहे. रंग बघ चेहऱ्याचा. हात बघ कसे गरम...”

“काकू.” सुनेत्रा खुंटीवर वाकली होती. “हे झोपलेले नाहीत. बेशुद्धीकडे चाललेत.”

काही शब्द कानात शिरतात आणि आत जागा मिळेपर्यंत दारातच उभे राहतात. तसे ते शब्द उभे राहिले. हेमलताबाई नवऱ्याकडे बघत होत्या. तीच लाली. तीच ऊब. तीच शांत छाती. फार शांत. इतकी शांत छाती माणसाची असते का, हे मात्र आत्ता, या क्षणी पहिल्यांदा त्यांच्या मनात आलं.

सुनेत्रानं बळवंतरावांच्या छातीवर तळवा ठेवला, मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. पुरं मिनिटभर तिनं श्वास मोजले.

“आठ. मिनिटाला आठ श्वास,” ती म्हणाली आणि तिनं खुंटी उतरवायला सुरुवात केली. बुडबुडे विरळ झाले.

“बंद करतेस?” हेमलताबाईंनी तिचा हात धरला. “नको गं! दिनकरभाऊजींना...”

“बंद नाही करत. एकदम बंद केलं तरी घात होईल. दीडवर आणतेय. हात सोडा, काकू.” तिनं फोन खांद्यावर धरून अँब्युलन्सला पत्ता सांगितला, हिंदीत, दोनदा, मजल्यासकट. मग उशा ओढल्या. “धरा इकडून. बसतं करायचं. पाय खाली सोडायचे, छाती पुढं झुकलेली. हं, माझ्या खांद्यावर द्या त्यांचं डोकं.”

“पण त्यांना हवा मिळत होती. मी बघत होते ना. आकडा...”

“ह्या चिमट्याला फक्त आत आलेली हवा कळते. बाहेर काय पडायचं राहिलंय ते त्याला दिसत नाही.” बोलता बोलता सुनेत्रा बळवंतरावांच्या सदऱ्याची बटणं सोडत होती. “काकांच्या छातीत शिळी हवा साठलीय. ती रक्तात चढली की डोकं दुखतं, हात फडफडतात, चेहरा लाल होतो, माणूस बरळतो, मग गुंगीत जातो. बाहेरून खूप ऑक्सिजन लोटला की ह्यांचं शरीर शिळं बाहेर टाकायचंच सोडून देतं. नव्वदवर का ठेवायचं, ते ह्याच्यासाठी.”

डोकं. हात. चेहरा. नकाशा. सकाळपासून ज्या ज्या गोष्टीवर हेमलताबाई हरखल्या होत्या, किंवा जी त्यांनी हसण्यावारी नेली होती, ती एकेक गोष्ट सुनेत्रा आपल्या तोंडानं मोजत होती, जणू रात्रभर इथंच बसली होती. त्यांना वाटलं, आपल्या पायाखालची फरशी कुणी चटईसारखी गुंडाळत नेतंय. बाम चोळला मी. पाय न वाजवता दार ओढलं मी. फोटो पाठवला.

“मी मारलं त्यांना?”

“अजून कुणी कुणाला मारलेलं नाही. इकडं बघा. काकू, माझ्याकडं बघा!” सुनेत्रानं त्यांच्या दंडाला धरलं. “अँब्युलन्सला वीस मिनिटं लागतील, ह्या धुरात जास्तच. तोवर त्यांना झोपू द्यायचं नाही. जागे राहिले तर श्वास बाहेर टाकतील. बोला त्यांच्याशी. भांडा. काय वाट्टेल ते करा.”

तीन आठवडे देवापुढं हात जोडून जी झोप मागितली होती, तीच आता दोन्ही हातांनी मोडायची होती.

“अहो,” त्या म्हणाल्या. “अहो, उठा ना.”

पापणीसुद्धा हलली नाही. चिमट्यावरचा आकडा चौऱ्याण्णव झाला होता. मग ब्याण्णव. उतरत्या आकड्यांचा हाच जिना त्या एकदा दिनकरभाऊजींबरोबर उतरल्या होत्या. “बघू नका तिकडं,” सुनेत्रा म्हणाली. “तो उतरायलाच हवाय. बोला!”

काय बोलणार? बेचाळीस वर्षांच्या संसारात हे कधी कशानं खडबडून जागे झाले? मैत्रेयीच्या रडण्यानं नाही, कुकरच्या शिट्टीनं नाही. एकाच गोष्टीनं. पानिपताबद्दल कुणी चुकीचं बोललं की हा माणूस तापातूनही उठून बसायचा. दर चौदा जानेवारीला ते पानिपतच्या रणभूमीवर, काला अंबला जायचे. महाराष्ट्रातून आलेल्यांना स्मारकापाशी उभं करायचे, सगळी लढाई बोटानं हवेत काढून दाखवायचे. कुणी तारीख चुकवली तर त्याची धडगत नसे.

हेमलताबाईंनी त्यांचा चेहरा दोन्ही हातांत धरला. आवाज ठसक्यात लावला.

“ऐकलंत का? शेजारचे भल्लासाहेब विचारत होते. मी सांगून टाकलं, लढाई सोनीपतला झाली. पानिपतला नव्हेच.”

काही नाही.

“दिवाळीत झाली म्हटलं. फटाके-बिटाके वाजत होते.”

सुनेत्रानं चमकून पाहिलं. बळवंतरावांच्या कपाळावर, दोन भुवयांच्या मध्ये, एक आठी पडली होती.

“चालू ठेवा, काकू!”

“आणि काला अंब म्हणजे काय विचारलं, तर म्हटलं तिथं लोणच्याचे आंबे मिळायचे. काळे. बरणीत घालायचे. तेवढ्यासाठी गेले होते मराठे!”

ओठ हलले. कोरडे, जड ओठ. आतून घरंगळत आल्यासारखा आवाज आला.

“...संक्रांत.”

“काय म्हणालात? दिवाळीच ना?”

“संक्रांत... मूर्ख...”

“शिव्या द्या, काका! मोठ्यानं!” सुनेत्रा हसली की रडली ते कळलं नाही. “आणि श्वास टाका. ओठांचा चंबू करा. गरम चहावर फुंकर घालतो ना, तशी. लांब. काकू, करून दाखवा त्यांना.”

हेमलताबाईंनी ओठांचा चंबू केला आणि नवऱ्याच्या तोंडासमोर लांब फुंकर घातली. मग पुन्हा. नाकानं आत, ओठांतून बाहेर. आत जायला थोडा वेळ, बाहेर यायला दुप्पट. त्या मोजत होत्या. ते मिटल्या डोळ्यांनी नक्कल करत होते. चुकत होते, झोपेत घसरत होते. घसरले की त्या म्हणायच्या, “सोनीपत!” आणि ते परत यायचे.

अँब्युलन्स पस्तीस मिनिटांनी आली.

रुग्णालयात त्यांना नाकातोंडावर घट्ट बसणारा मुखवटा लावला. त्याचं यंत्र आत हवा ढकलायचं आणि मग दम खाऊन बाहेरचीही वाट मोकळी करायचं. हेमलताबाई भिंतीशी उभ्या होत्या, हातात पर्स समजून उचललेली नारळाची खवणी. ती कधी उचलली, अँब्युलन्समध्ये कशी आली, त्यांना आठवत नव्हतं.

तरुण डॉक्टर कागदावर लिहीत होता. मान वर न करता त्यानं विचारलं, “घर पर ऑक्सिजन किसने बढ़ाया था?”

“सर, वो मशीन का नॉब ऐसा है कि...” सुनेत्रा पुढं सरसावली.

“मैंने,” हेमलताबाई म्हणाल्या. “डेढ़ से पाँच. मैंने बढ़ाया.”

त्यांना वाटलं, आता सगळे वळून बघतील. कुणीतरी ओरडेल. निदान ‘अरे माताजी!’ म्हणून कपाळाला हात लावेल. कुणीच काही केलं नाही. डॉक्टरानं ते लिहून घेतलं, वय विचारावं तसं पुढचं विचारलं, शेजारच्या खाटेवरचं मूल खोकत राहिलं. एवढी मोठी गोष्ट एका ओळीत मावली, आणि कागद उलटला गेला. त्या न झालेल्या रागाचा धक्का त्यांना सकाळपेक्षाही मोठा बसला. सुनेत्रानं त्यांना बाकावर बसवलं. तेव्हा त्यांना दिसलं, तिच्या एकाच पायात चप्पल होती. दुसरा पाय अनवाणी, काळाकुट्ट झालेला.

“चहा आणू?” सुनेत्रानं विचारलं.

“तू पोहे नाही खाल्लेस,” त्या म्हणाल्या, आणि मग मात्र पदरात तोंड घालून बसून राहिल्या.

संध्याकाळी मुखवटा थोडा वेळ उतरवला. बळवंतराव जागे होते. दमलेले, चेहरा नेहमीसारखा फिकट, हात नेहमीसारखे गार. हेमलताबाईंनी तो गार हात हातात घेतला आणि त्या गारव्यानं त्यांना रडू आलं. पडद्यावर हिरवा आकडा होता: नव्वद.

“हेमे.”

“अहो.”

“दिवाळी म्हणालीस तू?”

“म्हणाले.”

“चाळीस वर्षं नेतोय तुला तिथं.” श्वास. ओठांचा चंबू, लांब फुंकर. “आणि लोणचं?”

“चुकलं हो माझं.”

कशाबद्दल म्हणतेय ते त्यांनी विचारलं नाही. सांगायला लागणार होतं, उद्या, परवा. मैत्रेयीलाही. आत्ता फक्त त्यांच्या मांडीवर डाळीच्या पाण्याची वाटी होती. वॉर्डातल्या नर्सनं सांगितलं होतं, थोडंसंच. पोट भरलं की छाती दबते.

एक चमचा. ते गिळेपर्यंत थांबल्या. दुसरा चमचा.

बळवंतरावांनी पालथा हात किंचित वर केला, पानावर धरतात तसा.

“पुरे,” म्हणाले.

हेमलताबाईंचा हात मात्र कधीच वाटीत गेला होता. तिसरा चमचा भरून वर आला होता, बोटांच्या फटीपर्यंत, आपल्या आपण, कुणी न सांगता. त्या त्याच्याकडे बघत राहिल्या. आपलाच हात, आपल्याच बांगड्या, कोपरापासून पुढं जणू दुसऱ्या कुणाच्या. चमचा हवेत थरथरत होता, पाचाच्या रेघेवरच्या गोळीसारखा.

“पुरे?” त्यांनी विचारलं.

असा प्रश्न त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच विचारला होता. उत्तराची वाट पाहिली. बळवंतरावांनी होकाराची मान डोलावली. आणि त्यांनी तो हात सावकाश, दुसऱ्या हातानं मनगटाला धरून, खाली आणला.